तीनशे बारा पुस्तकं आणि एक पातं

वाचनालयाच्या सभेत मी तीन शब्द बोललो आणि पुढचे चार आठवडे त्यांची शिक्षा भोगली. ते तीन शब्द असे : "मी बांधतो ना."

तसा मी सभेत बोलणारा माणूस नाही. याच वाचनालयात चौतीस वर्षं मी ग्रंथपाल होतो, आणि त्या नोकरीचं मोठं सुख हेच की आपण बोलायचं नसतं. दुसरं कुणी बोलू लागलं तर चष्म्यावरून नुसतं बघायचं असतं. पण त्या दिवशी कार्यवाहांनी विषय क्रमांक सात वाचला : फाटकी पुस्तकं, संख्या तीनशे बारा, रद्दीत काढणे. आणि शब्द तोंडातून निघून गेले. सभेइतकंच आश्चर्य मलाही वाटलं.

"काका, काही म्हणालात?" कार्यवाहांनी विचारलं. ते तरुण आहेत, म्हणजे पन्नाशीच्या आत आहेत, आणि सगळ्यांना काका म्हणून मोडीत काढतात.

"बांधता येतील, असं... म्हणत होतो."

"बांधायची म्हणजे? दोरीनं?"

सभा हसली. मीही थोडा हसलो. एकट्यानं गंभीर राहणं बरं दिसत नाही.

खरं तर मला असं सांगायचं होतं की पुस्तक फाटतं ते वाचल्यामुळे. कपाटात जी कोरी करकरीत उभी आहेत त्यांना कुणी हात लावलेला नाही. म्हणजे लोकांना आवडलेली नेमकी तीनशे बारा पुस्तकं निवडून आपण रद्दीत घालतो आहोत. मुद्दा बिनतोड होता. तो मला जिना उतरताना सुचला.

कार्यवाह मनानं वाईट नाहीत. ते म्हणाले, "ठीक आहे काका. चार आठवड्यांनी रविवारी आम्ही तिघं तुमच्या घरी येतो. आमच्यासमोर एक पुस्तक बांधा, तिन्ही कडा कापून सरळ करून दाखवा. जमलं तर सगळी तुमच्या ताब्यात. नाही जमलं तर सोमवारी रद्दी. मान्य?"

मी मान हलवली. मान मला पहिल्यापासून चांगली हलवता येते.

आता बांधणी मला येते. फाटकी पानं सांधणं, पानांच्या घड्यांचे फर्मे शिवणं, पाठीला सरस लावणं, हे सगळं मी नोकरीत करत आलो. येत नव्हतं ते एकच, कडा कापणं. त्या कामाला पूर्वी पुस्तकं एका बाइंडराकडे जात. मी पहिल्या दिवशी घरीच स्वयंपाकघरातल्या सुरीनं प्रयत्न करून पाहिला. हिनं ते पुस्तक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "अहो, उंदीर कधीपासून झाले आपल्याकडे?"

म्हणून मी बाइंडराकडे गेलो. दुकान बंद होतं. डोळ्यांनी दगा दिला म्हणून त्यानं धंदा सोडला होता, आणि कागद कापायचं त्याचं यंत्र मागच्या अंगणात फाटक्या ताडपत्रीखाली गंजत पडलं होतं. ओतीव लोखंडाचे दोन पाय, वर टेबल, त्यावर कागद दाबून धरणारा दाब, दाबाच्या डोक्यावर चाक, बाजूला माझ्या उंचीचा दांडा, आणि दांडा ओढला की तिरकं खाली येणारं तीस इंची पातं. मी ताडपत्री उचलली तेव्हा आतून एक मांजर बाहेर आलं आणि माझ्याकडे दयेनं पाहून निघून गेलं.

"घेऊन जा," बाइंडर म्हणाला. "पण चालवणार कोण?"

"मी."

त्यानं माझे हात हातात घेतले, तळवे चाचपले आणि सोडून दिले.

यंत्र हातगाडीवरून घरापर्यंत आलं आणि दाराशी अडलं. आमच्या मागच्या खोलीचं दार अठ्ठावीस इंच आणि यंत्र चौतीस. हे आधी मोजायला हवं होतं हे मला कळतं. ते मला त्या दिवशी नऊ जणांनी वेगवेगळं समजावून सांगितलं. वरच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात, त्यांनी आयुष्यभर पूल बांधले. ते जिन्यात उभे राहून म्हणाले, "आत गेलं तरी चालवू नका. कंपनांनी इमारतीला तडे जातील." मी विचारलं, "हातानं चालवलं तरी?" ते म्हणाले, "पूलसुद्धा माणसांच्या चालण्यानं हलतात."

तेव्हा यंत्र बोळातच सोडवायचं आणि तुकड्या-तुकड्यांनी आत न्यायचं ठरलं. इथे मला मनातून आनंद झाला. सुटे भाग, त्यांची नोंद, त्यांना क्रमांक, हा माझा प्रांत होता. मी नवी वही काढली. प्रत्येक भाग निघाला की त्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर क्रमांक, आणि वहीत त्या क्रमांकापुढे वर्णन, स्थान, स्थिती. एकशे त्रेचाळीस नोंदी झाल्या. चौतीस वर्षं मी पुस्तकांवर शिसपेन्सिलीखेरीज काही टेकवलं नव्हतं, कारण ग्रंथपालाचं लिहिलेलं खोडता आलं पाहिजे. पण हे काम कायमचं होतं, म्हणून चिठ्ठ्या मी बॉलपेननं लिहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी दुपारचा आडवा झालो असताना हिचे भाऊ, म्हणजे माझे मेहुणे, मदतीला आले. मेहुणे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले आहेत. जगातला कुठलाही बिघाड, मग तो घड्याळाचा असो की संसाराचा, शेवटी वायसर गेल्यामुळे होतो असं त्यांचं मत आहे. मी उठून मागे गेलो तर ते बाह्या सरसावून पाटावर बसले होते, समोर रॉकेलचं घमेलं, आणि शेजारी एकशे त्रेचाळीस भाग चकचकीत होऊन वाळत पडले होते.

"भाऊजी, बघा!" ते म्हणाले. "गंजाचं नाव नाही. रात्रभर बुडवून ठेवले असते तर आणखी उजळले असते, पण म्हटलं तुम्हाला घाई."

भाग खरोखर सुंदर दिसत होते. प्रत्येकाला माझा दोरा होता, दोऱ्याला माझी चिठ्ठी होती, आणि चिठ्ठी कोरी होती. बॉलपेनची शाई रॉकेलमध्ये विरघळते हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नव्हतं. घमेल्यातलं रॉकेल मात्र फिकट निळं झालं होतं.

"पेन्सिलीनं नाही का लिहायचं?" ही मागून म्हणाली.

मी वही उघडली. वही शाबूत होती. नोंद सत्तेचाळीस : 'गोल, लोखंडी, मध्ये भोक. स्थिती बरी.' नोंद अठ्ठेचाळीस : 'वरीलप्रमाणे.' अशा वरीलप्रमाणे बावीस नोंदी होत्या.

"हे तर वायसर आहेत," मेहुणे म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचं बरोबर होतं.

पुढचे सहा दिवस मी आणि मेहुणे त्या भागांचं कोडं सोडवत बसलो. पहिल्यांदा जोडलं तेव्हा दाबाचं चाक फिरवलं की दाब वर जाई. दुसऱ्यांदा दांडा ओढला आणि टेबलच पुढे आलं. तिसऱ्यांदा सगळं बरोबर बसलं, फक्त काहीच हललं नाही. त्या संध्याकाळी मी वही मिटून खुर्चीत बसलो असता ही शेजारी येऊन म्हणाली, "सांगू का, कार्यवाहांना तब्येतीचं कारण सांगा. ताप म्हणा. कुणी काही म्हणणार नाही."

खरंच कुणी काही म्हणालं नसतं. तेच मला टोचलं. मी काही करीन अशी कुणाची अपेक्षाच नव्हती, म्हणून न करण्याची सोयही आधीच करून ठेवलेली होती. मी चप्पल घातली आणि बाइंडराला रिक्षात बसवून घेऊन आलो.

बाइंडर खुर्चीत बसला, चहा घेतला, आणि डोळे मिटून हात पुढे केला. आम्ही एकेक भाग त्याच्या तळव्यावर ठेवू लागलो. तो वजन करावं तसा हात वरखाली करी आणि सांगे, "हे डावीकडं, खाली." "हे त्याच्या मागं." "हे माझं नाही, सायकलचं आहे." तासाभरात निम्मं यंत्र उभं राहिलं. मी वही आणि पेन्सिल घेऊन टिपून घेत होतो.

"याला काय म्हणतात?" मी एका वाकड्या पट्टीबद्दल विचारलं.

"म्हणतात काय? लावतात."

मी तसं लिहून घेतलं.

शेवटी त्यानं पात्याच्या धारेवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. "यानं लोणीसुद्धा कापणार नाही. धार लावून आण. हे विळीवाल्याचं काम नव्हे, लाकूडकामाची पाती घासतात त्याच्याकडे जा. आणि पात्याखाली टेबलात खाच आहे तिथं लाकडी पट्टी लागते, म्हणजे धार लोखंडावर आपटत नाही. ती सावकाश रंधा मारून बसव."

ती पट्टी मी केली. आयुष्यात मी स्वतःच्या हातानं बनवलेली ती पहिली वस्तू. चार पट्ट्या वाया गेल्या, पाचवी खाचेत सरकली आणि मध्यावर येऊन अशी घट्ट बसली की मी ती उगाचच तीनदा काढून पुन्हा घातली. मेहुणे म्हणाले, "भाऊजी, झिजेल." पण मला तो आवाज आवडत होता.

धारवाला गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. त्यानं चार दिवस ठेवून शनिवारी पातं परत दिलं, म्हणजे कार्यवाह यायच्या आदल्या दिवशी. "जपून न्या आजोबा," तो म्हणाला. "आता ते बघूनसुद्धा कापतं." मी ते जुन्या चादरीत गुंडाळून काखेत धरलं आणि बसमध्ये चढलो.

चादर दुहेरी होती. चौथ्या थांब्यापर्यंत ती एकेरी झाली आणि पाचव्याला शेजारच्या बाईंच्या पिशवीचे बंद आपोआप तुटले. बटाटे बसभर गेले. त्या वाकल्या, त्यांना चादरीतून बाहेर आलेलं टोक दिसलं, आणि त्या सरळ न होताच मागे सरकल्या.

"आजोबा, काय आहे ते?" कंडक्टरनं लांबूनच विचारलं.

"पातं आहे."

"कशाला?"

"पुस्तकं कापायला."

मला वाटतं मी 'माणसं' म्हटलं असतं तरी त्यांना इतकी भीती वाटली नसती. त्याला निदान कारण असू शकतं. बस त्यानंतर कुठल्याच थांब्यावर थांबली नाही. ती थेट पोलीस चौकीसमोर थांबली.

चौकीतले साहेब अतिशय सभ्य होते. मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नोंदवही उघडली. अडचण त्यांचीही होती. वहीत रकाने होते : तलवार, सुरा, कोयता, इतर. इतरपुढे तपशील लिहायला अर्धा इंच जागा.

"तलवारीत घालू?" साहेबांनी हवालदाराला विचारलं.

"मूठ नाही साहेब."

मी बोललो नसतो तर बरं होतं. पण वर्गीकरण चुकत असताना गप्प बसणं मला शारीरिकदृष्ट्या शक्य होत नाही. मी म्हणालो, "मूळ प्रश्न असा आहे की वस्तू तिच्या आकारावरून लावायची की उपयोगावरून. आकारावरून लावलं तर बासरी आणि खिडकीचा गज एका कप्प्यात येतील." साहेबांनी पेन खाली ठेवलं. आम्ही अर्धा तास बोललो. फार दिवसांनी कुणी माझं म्हणणं इतक्या लक्षपूर्वक ऐकत होतं, आणि हवालदार दाराशी उभा होता म्हणून मधेच उठूनही कुणी जात नव्हतं.

शेवटी साहेब म्हणाले, "म्हणजे यंत्राला जोडलेलं असेल तेव्हा तो यंत्राचा भाग, आणि सुटं असेल तेव्हा हत्यार. बरोबर?"

"अगदी बरोबर!" मी म्हणालो. "उत्तम विभागणी आहे."

"आणि आत्ता ते सुटं आहे."

मी खुर्चीत जरा मागे सरकलो.

"साहेब, उद्या सकाळी मला ते हवंय हो," मी म्हणालो. आवाज मला स्वतःलाच अनोळखी वाटला. "ते नसेल तर तीनशे बारा पुस्तकं परवा रद्दीत जातील. मी इथून ते घेतल्याशिवाय उठणार नाही. म्हणजे... तुमची परवानगी असेल तर उठणार नाही."

साहेबांनी नोंदवही मिटली. मग हवालदाराला म्हणाले, "यांच्याबरोबर घरी जा. यंत्र असलं तर हे स्वतः जोडून दे आणि मगच परत ये. नसलं तर दोघंही परत या."

अशा रीतीनं मी शनिवारी संध्याकाळी, रस्त्यावर सगळ्यात जास्त माणसं असतात त्या वेळी, माझ्या गल्लीत शिरलो. पुढे खांद्यावर पातं घेतलेला हवालदार, मागे खाली मान घातलेला मी. पूल बांधणारे गृहस्थ गॅलरीत होते. ते शेजारणीला म्हणाले, आणि मला स्पष्ट ऐकू आलं, "मला पहिल्यापासून शंका होती. फार शांत असतात ही माणसं."

हिनं दार उघडलं. हवालदाराकडे पाहिलं, पात्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "या, आत या. चहा ठेवते. अहो, पाय धुवून घ्या."

हवालदारानं खरोखर पातं जोडून दिलं. दोन माणसांचं काम होतं ते. बोल्ट आवळून झाल्यावर त्यानं एक वर्तमानपत्र खाली धरलं आणि मी दांडा ओढला. खस्स. वर्तमानपत्राचे दोन तुकडे झाले.

"यंत्राचा भाग," हवालदार म्हणाला, आणि वहीवर माझी सही घेऊन गेला.

रविवारी दहाला कार्यवाह आले. बरोबर खजिनदारबाई आणि एक सदस्य, ज्यांना मी आजवर कुठल्याच विषयावर मत देताना पाहिलेलं नाही. पुस्तक मी त्यांच्यासमोर शिवलं. पाठ आधीच्या रात्री तयार केलेल्या पुठ्ठ्याशी जुळवून ठेवली, फर्मे यंत्राखाली सरकवले, टेबलावरच्या मागच्या लोखंडी पट्टीला टेकवले, चाक फिरवून दाब बसवला. मेहुणे माझ्यामागे उभे राहून माझ्या वाटणीचाही श्वास घेत होते. मी दांडा ओढला. एक कड, दुसरी कड, तिसरी कड.

कार्यवाहांनी पुस्तक उचललं आणि कडेवरून अंगठा फिरवला. काचेसारखी गुळगुळीत होती. "वा!" ते म्हणाले. "काका, मानलं! काय हो, खजिनदारबाई?"

"सुरेखच," खजिनदारबाई म्हणाल्या. सदस्यांनीही मान डोलावली.

मी पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं, त्यावर काटकोन तपासायचा गुण्या लावला आणि खिडकीच्या उजेडात धरलं. लोखंड आणि कागदाच्या मधून खालच्या बाजूला उजेडाची बारीक पाचर दिसत होती.

"वाकडं आहे," मी म्हणालो.

"काय?"

"अर्धं सूत. इंचाचा सोळावा भाग. हे बघा, वरून खाली येताना आत गेलंय."

कार्यवाहांनी बघितलं. "मला काही दिसत नाही."

"इकडून बघा. उजेड दिसतोय का?"

"काका, तुम्ही पास झालात. मी लिहून देतो."

"पण सरळ नाहीये ते."

"आम्ही सरळ म्हणतोय ना!"

"तुम्ही म्हटल्यानं सरळ होत नाही."

हिनं माझ्या पायावर पाय ठेवला आणि चांगला दाबला. एवढी वर्षं तो इशारा मी मुकाट्यानं पाळत आलो. त्या दिवशी मी पाय काढून घेतला.

"तुमची अट होती कडा सरळ कापायची," मी म्हणालो. "ही वाकडी आहे. एक पुस्तक वाकडं गेलं तर कुणाला कळणार नाही. तीनशे बारा शेजारी-शेजारी उभी केली की कळेल. ही पुस्तकं लोकांनी हातात धरून धरून फाडली आहेत. ती परत जातील तेव्हा निदान सरळ उभी राहिली पाहिजेत."

"मग काय, रद्दीत देऊ म्हणता?" कार्यवाहांचा आवाज चढला.

"नाही."

"वाकडी चालतील?"

"नाही."

"मग आम्ही करायचं काय?"

"बसायचं," मी म्हणालो. "तासभर. मागची पट्टी तिरकी बसलीय, ती सैल करून सरळ करतो आणि पुन्हा कापतो. पानाला समास आहे, अर्ध्या सुतानं मजकुराला धक्का लागणार नाही."

आणि आश्चर्य म्हणजे ते बसले. मागच्या खोलीत दोनच खुर्च्या होत्या. ज्यांना कधीच मत नसतं ते सदस्य पाटावर बसले, आणि मेहुण्यांनी त्यांना वायसरचं महत्त्व समजावून दिलं. हिनं तीनदा चहा केला. पहिला रागानं, दुसरा नाइलाजानं, तिसरा चांगला झाला होता. मी पट्टी सैल करी, गुण्या लावी, आवळी, की आवळताना ती पुन्हा सरके. तासाचे पावणेदोन तास झाले. कार्यवाहांनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. तिसऱ्यांदा उठून आले आणि पट्टीचं दुसरं टोक धरलं. त्यांनी धरून ठेवली, मी आवळली. या वेळी ती सरकली नाही.

दांडा ओढला. केसाएवढी कागदाची फीत गळून पडली. मी गुण्या लावला, उजेडात धरला आणि कार्यवाहांच्या हातात दिला. ते एक डोळा मिटून बघू लागले. मग गुण्या फिरवून दुसऱ्या कडेला लावला. मग तिसऱ्या.

"आता नाही दिसत उजेड," ते हळूच म्हणाले.

त्यांनी खिशातून कागद काढला आणि उभ्याउभ्या लिहिलं : तीनशे बारा पुस्तकं बांधणीसाठी ताब्यात दिली. सही केली, खजिनदारबाईंची घेतली, सदस्यांची घेतली. दाराशी चपला घालताना ते वळले.

"काका, एकच विनंती. पुस्तकं परत आणून द्याल ना, तेव्हा तो गुण्या घरी ठेवून या."

मी हो म्हणालो नाही.